सात पाण्यांनी धुतलेलं विमान

आमच्या विमान कंपनीत दारू मिळत नसे, डुकराचं मांस तर नाहीच नाही. उड्डाणाआधी प्रवासाची दुआ लागायची, पडद्यावर मक्केची दिशा दाखवणारा बाण असायचा आणि केबिनमधल्या बायका डोक्याला राखाडी रुमाल बांधायच्या. 'आमच्या' म्हणते खरी, पण मी मुसलमान नव्हे. मी पुण्याची, कडक सोवळं पाळणाऱ्या आईची मुलगी, आणि हॅम्बर्गला आल्यापासून बावीस वर्षं प्रत्येक जेवणाआधी 'यात मांस आहे का' असं विचारत आलेली बाई. तरी ती कंपनी मला जितकी माझी वाटली तितकी तिच्या आधीची किंवा नंतरची कुठलीच वाटली नाही. ती चौदा महिने चालली. ती बुडाली त्यात माझा हात होता, आणि हे मी आज पहिल्यांदाच नीट सांगते आहे.

माझं काम कागदांचं. विमानाचा कुठला भाग कधी बदलला, कुठला दिवा गेला, कुठल्या खुर्चीचा पट्टा तुटला, या सगळ्याच्या नोंदी ठेवायच्या आणि दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी तपासायच्या. विमानात चहा सांडला तरी तो वहीत लिहावा लागतो. एकदा एका इंजिनिअरनं 'थोडंसं तेल गळलं' असं लिहिलं होतं, तेव्हा थोडंसं म्हणजे किती थेंब, असं विचारून मी त्याला भंडावून सोडलं होतं. या बाबतीत मी खाष्ट होते आणि मला त्याचा अभिमान होता. महामारीत जुन्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात माझा नंबर लागला. वर्षभर घरी बसून मी नवऱ्याच्या फ्रीजमधल्या चीजवर तारखांच्या चिठ्ठ्या लावायला लागले, तेव्हा त्या बिचाऱ्या जर्मन माणसानंच ही जाहिरात माझ्यापुढे आणून टाकली.

कंपनीच्या मालकांना सगळे शेफ म्हणायचे. जर्मन ऑफिसात वरिष्ठाला तेच म्हणतात, त्याचा स्वयंपाकाशी संबंध नाही. त्यांचे वडील तुर्कस्तानातून इथल्या कारखान्यात मजुरीला आले होते. शेफ इथंच जन्मले, यात्रेकरूंना मक्केच्या सहली विकता विकता मोठे झाले आणि पन्नाशीला त्यांच्या डोक्यात विमान शिरलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं की मला या सगळ्याची अडचण तर वाटणार नाही ना. मी म्हटलं, मला फक्त खाडाखोड केलेल्या वहीची अडचण वाटते. ते हसले आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. मग तुम्ही आमच्याच."

पुण्याला फोन करून आईला सांगितलं.  ती म्हणाली, "तिथलं काही खाऊ नकोस म्हणजे झालं."

आमची मुख्य हवाई सुंदरी, म्हणजे पर्सर, तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. हवाई सुंदरी हा शब्द तिला मी समजावून सांगितला तेव्हा ती इतकी हसली की तिच्या हातातली कॉफी सांडली. तिचे वडील इंडोनेशियाचे, जहाजावर खलाशी होते, एकदा हॅम्बर्गच्या बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत. ती विशीत असताना एका सहलींच्या विमान कंपनीत लागली आणि आठ वर्षं उडाली. मग आई गेल्यावर तिनं डोक्याला रुमाल बांधायला सुरुवात केली. त्या कंपनीत गणवेशावर रुमाल चालत नव्हता. तिला जमिनीवरचं काम देऊ केलं, तेही आतल्या खोलीतलं. तिनं ते सोडलं, आणि नंतरची पंधरा वर्षं एका दुकानात पडदे विकले. आमच्या कंपनीत तिनं पुन्हा परीक्षा दिली, आगीच्या धुरात रांगण्याची, पाण्यात उडी मारण्याची, सगळी. पास झाल्याच्या दिवशी तिनं मला सांगितलं होतं की देशातली ही एकच कंपनी आहे जिच्यात ती रुमाल बांधून उडू शकते, आणि ही बंद पडली तर तिच्या वयाला दुसरी मिळायची नाही. हे ती रडत वगैरे नव्हती सांगत. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती.

आमच्याकडे दोनच विमानं होती, दोन्ही भाड्याची आणि दोन्ही म्हातारी. पहिल्या उड्डाणाला मीही गेले होते. बंदरात, कारखान्यांत, बेकऱ्यांत चाळीस चाळीस वर्षं राबलेली माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती. विमान वळलं की पडद्यावरचा बाण गर्रकन फिरायचा आणि म्हातारे एकमेकांना कोपरानं ढोसून हसायचे. जेवण आलं. माझ्या शेजारच्या आजोबांनी ताटावरचं झाकण काढलं, वाफ तोंडावर घेतली आणि पर्सरकडे बघून काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं की इथं काही विचारायची गरज नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि खायला लागले. खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही आवरलं नाही. यात काय आहे असं न विचारता जेवणं म्हणजे काय, हे ज्याला रोज विचारावं लागतं त्यालाच कळतं.

वर्तमानपत्रांनी आमची भरपूर टिंगल केली. आमचे वैमानिक नमाज पढायला मध्येच उठतात का, असलंही कुणी कुणी विचारायचं. आमच्या दोन मुख्य वैमानिकांपैकी एक पक्का चर्चवाला होता आणि दुसऱ्याचा कशावरच विश्वास नव्हता. शेफ कशालाच चिडायचे नाहीत. मी चिडायचे. फोनवर मी एका पत्रकाराला असं काही झापलं की नंतर शेफनी मला फोन उचलायला बंदी केली.

आता धुण्याविषयी सांगते. विमानं आली तेव्हा त्यांच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या त्या बोळाएवढ्या स्वयंपाकघरात, आधीच्या कंपन्यांनी नाही नाही ते शिजवलेलं होतं. शेफच्या घरच्या रीतीप्रमाणे साबणानं स्वच्छ धुतलं की पुरे होतं. पर्सरच्या घरची रीत वेगळी. डुकराचा स्पर्श झालेलं भांडं सात वेळा पाण्यानं धुवायचं, त्यातलं एक पाणी मातीचं. दोघांची त्यावरून छान हुज्जत झाली. शेवटी शेफ म्हणाले की तुझ्या सात पाण्यांनी माझं काही बिघडत नाही. मग हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, इंजिनिअरांनी सगळे ओव्हन आणि ट्रॉल्या बाहेर काढल्या, अंगणात मांडल्या आणि तिनं बाह्या सारून एकेक धुतली. सगळं वाळवून परत बसवलं, वहीत नोंद झाली, मी शिक्का मारला. कुठं काही चुकलं नाही.

ती धुताना मी शेजारी उभी राहून पाहत होते. आमच्या घरी मांसाहारी शेजाऱ्यांकडून परत आलेलं पातेलं आई राखेनं घासायची, मग चिंचेनं, मग निखाऱ्यावर उपडं घालायची. मी हे पर्सरला सांगितलं. तिला फार आनंद झाला. म्हणाली, "म्हणजे तुला हे वेड्यासारखं नाही वाटत." मला वाटत नव्हतं. पण मी तिला अर्धंच सांगितलं होतं. सहावीत असताना माझ्या वर्गातली एक मैत्रीण घरी आली होती. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, मुसलमान होते. ती फुलपात्रानं पाणी प्यायली. ती दारात चपला घालते आहे तोवर आईनं ते फुलपात्र सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीवर धरलं. मैत्रिणीनं वळून पाहिलं. मी मध्ये उभी होते, आईला काही बोलले नाही आणि तिलाही काही बोलले नाही. ती परत कधी आमच्याकडे आली नाही. हे मी पर्सरला सांगितलं नाही.

कंपनीला वर्ष होत आलं तेव्हाची गोष्ट. हंगाम मंदावला होता म्हणून शेफनी एक विमान आठवडाभर दुसऱ्या एका सहल कंपनीला दिलं होतं. अट होती की दारू नाही, डुक्कर नाही. विमान सकाळी अकराला परत आलं आणि संध्याकाळी पाचला त्याच विमानानं यात्रेकरू घेऊन मक्केजवळच्या जेद्दाहला जायचं होतं. मी वही घ्यायला विमानात चढले. पर्सर गॅलीत उभी होती, ओव्हनचं दार उघडं, आणि तिचा चेहरा उतरलेला. परक्या विमानतळावर कुणीतरी डुकराच्या सॉसेजचे रोल चढवले होते. ओव्हनमध्ये ते गरम झाले होते, चरबी खालपर्यंत ओघळली होती, ट्रॉलीच्या चाकांपर्यंत.

तिनं शेफना फोन लावला. शेफ म्हणाले, साबणानं नीट पुसून घे, देवाला आपली अडचण कळते. ती हो म्हणाली आणि फोन ठेवून तशीच उभी राहिली. इंजिनिअर दुसऱ्या दिवशीपर्यंत मिळणार नव्हते, म्हणजे ओव्हन बाहेर काढणं शक्य नव्हतं. मग ती मला म्हणाली, "ते आजोबा आठवतात तुला? काही न विचारता जेवले ते? त्यांच्यासारख्यांना मी आज यातून वाढणार, आणि ते विचारणार नाहीत. ते माझ्यावर विसंबून असतील."

मी तिला थांबवायला हवं होतं. गॅलीत पाणी ओतायचं नसतं. फरशीच्या खाली विमानाच्या तुळया असतात, आणि जुन्या विमानात फरशीचे सांधे उघडलेले असतात. हे माझ्याइतकं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. पण मी थांबवलं नाही. मला माझ्या आईचं ते पातेलं दिसत होतं, आणि का कोण जाणे, ते फुलपात्रही. या बाईला मी आज नाही म्हणणार नाही, असं मी ठरवून टाकलं. मी हँगरच्या नळावरून पाण्याचे कॅन भरून आणले, तीन खेपा केल्या.

मातीचा प्रश्न आला. बाहेर सगळं काँक्रीट, आणि कडेच्या गवतात पावसाचा चिखल आणि डिझेल. माझ्या ऑफिसच्या खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती. घरी ऊन येत नाही म्हणून मी तो रोपटं असल्यापासून ऑफिसात ठेवलेला. त्या कुंडीतली दोन ओंजळी माती मी कागदी कपात भरून घेऊन गेले. तिनं ती हुंगली, हसली, आणि म्हणाली की हा वास तिच्या आजीच्या परसातला आहे. मग तिनं वीज बंद केली, पदर खोचावा तसा रुमाल मागं बांधला आणि धुवायला बसली. मी पाणी घालत होते, ती घासत होती. पहिलं पाणी मातीचं, मग सहा नुसती. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती आणि मीही तिच्याबरोबर मराठीत मोजत होते. खाली टॉवेल अंथरले होते. आम्ही ते पिळत होतो, परत अंथरत होतो. सगळं पाणी टॉवेलांनी प्यायलं असं आम्हाला वाटलं.

दोन वाजता तिनं वही उघडली. तिला नियम माहीत होता. ती नोंद लिहायला लागली आणि मी तिचा हात धरला. नोंद झाली की फरशी उघडून पाहावी लागते, वाळवावी लागते, विमान उद्यापर्यंत हलत नाही. दीडशेवर माणसं एहरामची, यात्रेची पांढरी वस्त्रं नेसून घरून निघाली होती. मी म्हटलं, "लिहू नकोस. उद्या-परवा इंजिनिअर आले की मी बघून घेते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. वहीच्या बाबतीत मी कशी आहे हे तिला माहीत होतं. म्हणूनच तिनं पेन खाली ठेवलं. मी म्हणते आहे म्हणजे चालत असणार, असं तिला वाटलं असणार.

विमान वेळेवर गेलं. दोन दिवसांनी इंजिनिअर आले तेव्हा दुसऱ्या विमानाचं चाक बदलायचं होतं. त्यानंतर आणखी काही निघालं. मी ते विसरले असं म्हणणार नाही. रोज आठवत होतं, आणि रोज ते सांगणं जरा जास्त अवघड होत गेलं, कारण आता उशीर का केला हेही सांगावं लागलं असतं.

दोन महिन्यांनी विमान वाहतूक खात्याचा तपासनीस आला. सौम्य माणूस होता, गुडघे दुखतात म्हणून खाली बसायला छोटी उशी बरोबर घेऊन आलेला. त्यानं गॅलीची फरशी उघडायला लावली. लोखंडावर चढतो तसा तांबडा गंज विमानावर चढत नाही, पांढरी भुकटी धरते. ती तुळयांवर जागोजाग धरलेली होती. पुष्कळशी जुनी होती, आधीच्या कंपन्यांच्या काळातली, हे त्यालाही दिसत होतं. पण तुळयांमधला, ऊब धरून ठेवणारा कापूस ओला होता आणि त्यात काळी माती होती. विमानाच्या पोटात माती त्यानं कधी पाहिली नव्हती. चिमट्यानं त्यानं तिच्यातून एक वाळकं पान उचललं, बोटाच्या पेराएवढं, आणि उजेडात धरून म्हणाला, "हे कसलं?"

मी बघताक्षणी ओळखलं. मी म्हटलं, काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक झाली. तपासनीस, शेफ, पर्सर आणि मी. टेबलावर प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत ती माती आणि ते पान. खिडकीत कढीपत्ता होता, तपासनिसाच्या पाठीमागं. त्यानं वळून पाहिलं असतं तरी प्रश्न मिटला असता.

त्यानं विचारलं की पाणी कुणी ओतलं. पर्सर लगेच म्हणाली, "मी धुतलं." का धुतलं, कसं धुतलं, सात पाणी, माती, सगळं तिनं सांगितलं. शेफ डोळे मिटून बसले होते. तपासनिसानं शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाला, "वहीत नोंद का नाही?"

ती काही बोलली नाही.  मी टेबलाकडं बघत होते. मला वाटलं, ती काय सांगावं याचा विचार करते आहे. नोकरी जाण्याची मला भीती नव्हती, ती तशीही राहत नव्हती. मला भीती होती ती माझ्या नावापुढे काही लिहिलं जाण्याची. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लिहीत आले होते. माझी एकही कुणी लिहिली नव्हती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "राहून गेलं." त्यानं तेही लिहून घेतलं.

विमान जमिनीवर बसलं. एकाच विमानावर यात्रेकरूंना आणणं-नेणं जमेना, माणसं जेद्दाहला अडकून पडली, टीव्हीवर आली, आणि मग परवाना थांबवल्याचं पत्र आलं. शेफनी इन्सोल्व्हेन्त्सचा अर्ज केला, म्हणजे दिवाळखोरी जाहीर केली. शेवटच्या दिवशी त्यांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला. माझा घेतला तेव्हा म्हणाले की निदान तुमच्या वह्या तरी स्वच्छ होत्या. 

पर्सरच्या नावानं वेगळा बेशाइड आला, म्हणजे सरकारी आदेश. गंभीर गोष्ट जाणूनबुजून न नोंदवल्याबद्दल तिचं केबिनमध्ये काम करण्याचं प्रमाणपत्र काढून घेतलं होतं. मला दोन महिन्यांत नवी नोकरी लागली. माझ्या स्वच्छ वह्यांमुळेच लागली. ईदला तिचा मेसेज यायचा. मी उलट अंगठ्याचं चित्र पाठवायचे आणि फोन उलटा ठेवायचे.

मग दोन वर्षांनी आई हॅम्बर्गला आली होती, ती परत निघाली. आता तिला चालवत नाही आणि बरंच काही आठवतही नाही. मी सोडायला पुण्यापर्यंत जाणार होते. विमानतळावर व्हीलचेअर मागवली होती. ती घेऊन जी बाई आली, ती पर्सर होती. निळं जाकीट, राखाडी रुमाल. तोच रुमाल, कंपनीचा.

तिनं मला नावानं हाक मारली आणि म्हणाली, "चल." एवढंच. मग खाली वाकून तिनं आईचे पाय नीट पट्टीवर ठेवले, शाल गुडघ्यांवर ओढली आणि तिला इबू म्हणाली, तिच्या भाषेत आईला तेच म्हणतात. आईला कुणीतरी आपल्याशी बोलतंय एवढं पुरतं. ती खुशीत मराठीत बोलत राहिली आणि पर्सर 'या, या' म्हणत राहिली, त्याचा जर्मनमध्ये अर्थ हो असा आहे हे आईला ठाऊक नव्हतं आणि त्यानं काही अडलंही नाही.

गेटपाशी आईला तहान लागली. पर्सरनं आपल्या पिशवीतली बाटली काढली, तिचंच झाकण भरून आईच्या ओठांना लावलं. आई प्यायली आणि म्हणाली, "आणखी दे म्हणावं हिला." मला काय झालं सांगता येत नाही. सहावीतली ती मैत्रीण, ते फुलपात्र, सगळं एकदम आठवलं, आणि मी आईला दुखवायचं म्हणूनच म्हटलं, "आई, ती मुसलमान आहे."

आईनं माझ्याकडं अगदी नवलानं पाहिलं. "मग काय झालं? तहान लागलीय मला."

आई पाणी पिऊन तिथंच पेंगली. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसलो. मी काहीबाही बोलत राहिले, हे काम कसं आहे, किती तास असतं. ती म्हणाली, काम चांगलं आहे, म्हाताऱ्यांना विमानाच्या दारापर्यंत न्यायचं, तिथून पुढं विमानातले लोक नेतात. दिवसाला दहा-बारा वेळा ती दारापर्यंत जाते.

मग ती आईच्या शालीचं टोक सारखं करत म्हणाली, "त्या दिवशी खोलीत मी अर्धंच बोलले होते. धुतलं ते माझं होतं, म्हणून मी सांगितलं. लिहिलं का नाही, ते तुझं होतं. मी तुझी वाट बघत होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. किती वेळ वाट बघितलीस, असलं मूर्खासारखं मी विचारलं.

"आल्झो, म्हणजे बघ," ती जरा विचार करून म्हणाली, "महिनाभर तर नक्कीच. हरकत नोंदवायला तेवढीच मुदत होती."

विमानात चढायची वेळ झाली. तिनं आईला बोगद्यातून विमानाच्या दाराशी नेलं, ब्रेक लावला, आईच्या दोन्ही काखांत हात घालून तिला उभं केलं. आतल्या मुलीनं आईचा हात धरला. आई वळून पर्सरच्या गालाला हात लावू पाहत होती, तो हनुवटीला लागला. मीही आत गेले. उंबरठ्याच्या पलीकडं उभी राहून पर्सर गॅलीकडं बघत होती. मग तिनं आतल्या मुलीला हळूच सांगितलं की वरच्या ओव्हनची कडी नीट लागलेली नाही. मुलीनं पाहिलं, कडी लावली आणि आभार मानले. पर्सरनं व्हीलचेअर मिटली आणि बोगद्यातून परत गेली.

पुण्याला आईच्या घरी बसून मी त्या खात्याला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. किती कॅन पाणी, कुठल्या कुंडीतली माती, पान कसलं, आणि पेन घेतलेला तिचा हात कुणी धरला. त्या दिवशी वहीत जे लिहायचं होतं तेही शेवटी लिहिलं: गॅलीत पाणी ओतले आहे. फरशी उघडून वाळवावी. लिहायला एक मिनिटही लागलं नाही.

उत्तर सहा आठवड्यांनी आलं, सभ्य भाषेत. माहितीबद्दल आभार मानले होते. संबंधित व्यक्तीनं मुदतीत हरकत न घेतल्यामुळे प्रकरण बंद झालेलं आहे आणि ते पुन्हा उघडण्याचं कारण दिसत नाही, असं लिहिलं होतं. ते पत्र मी तिला पाठवलं. तिनं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

कढीपत्ता आता घरी आहे, उन्हावाचून रखडतो आहे. कुंडीत एका बाजूला दोन ओंजळींएवढा खड्डा आहे, तो मी भरलेला नाही. पर्सर अजून रोज दारापर्यंत जाते.